वर्गाच्या भिंतीवर दहा आज्ञा : धर्म शिकवणं आणि धर्माबद्दल शिकवणं, यात अमेरिका का अडकली आहे?

१९ जून २०२४. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी एका कायद्यावर सही केली. राज्यातल्या प्रत्येक सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या ‘दहा आज्ञा’ लावायच्या. किमान ११ इंच बाय १४ इंचांचं पोस्टर, अक्षरं मोठी आणि सहज वाचता येतील अशी. बालवाडीपासून सरकारी महाविद्यालयांपर्यंत सगळीकडे.

पुढच्याच वर्षी आर्कान्सा आणि टेक्सास या राज्यांनीही असेच कायदे केले. टेक्सासचं पोस्टर तर आणखी मोठं, १६ इंच बाय २० इंच.

कायद्याचे समर्थक म्हणतात, हा धर्मप्रचार नाही, इतिहास आहे. अमेरिकेचे कायदे, नीतिमूल्यं ज्यातून आली ते मुलांना कळायला नको का?

विरोधक म्हणतात, इतिहास शिकवायचा असेल तर तो पुस्तकातून शिकवा. वर्षभर मुलांच्या डोळ्यांसमोर देवाची आज्ञा टांगून ठेवणं म्हणजे शिकवणं नव्हे.

गंमत म्हणजे दोन्ही बाजू एकच शब्द वापरतायत, ‘इतिहास’. त्यामुळे हा वाद समजून घ्यायचा तर आधी अमेरिकेच्या इतिहासात धर्माची जागा नेमकी कुठे होती, ते पाहावं लागतं.

अमेरिका धर्मासाठी वसली की धर्मापासून सुटायला?

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

१६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या लोकांपैकी बरेच जण इंग्लंडच्या अधिकृत चर्चला कंटाळून आले होते. त्यांच्या मागोमाग आलेल्या प्युरिटन लोकांनी मॅसॅच्युसेट्समध्ये वसाहत उभारली. पण स्वतःच्या श्रद्धेसाठी घर सोडून आलेल्या या लोकांनी इतरांच्या श्रद्धेला मात्र जागा दिली नाही. सरकारने धर्मात हात घालू नये असं म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्स या पाद्र्याला त्यांनी हद्दपार केलं. त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं आणि तिथे सगळ्यांना आपापला धर्म पाळायची मुभा दिली. मेरी डायर ही क्वेकर पंथाची बाई. हद्दपार करूनही पुन्हा पुन्हा परत आली म्हणून तिला १६६० मध्ये बॉस्टनमध्ये फाशी दिलं गेलं.

म्हणजे ‘धार्मिक स्वातंत्र्यासाठी आलेले लोक’ ही गोष्ट खरी आहे, पण ती अर्धी आहे.

उरलेली अर्धी गोष्ट व्हर्जिनियात घडली. १७८० च्या दशकात तिथे एक प्रस्ताव आला, ख्रिस्ती धर्माच्या शिक्षकांसाठी लोकांकडून कर घ्यायचा. जेम्स मॅडिसन यांनी १७८५ मध्ये त्याला कडाडून विरोध केला. पुढच्याच वर्षी थॉमस जेफरसन यांनी लिहिलेला धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा व्हर्जिनियाने मंजूर केला. या लढाईत मॅडिसन-जेफरसन यांच्या बाजूने सगळ्यात जोरात कोण उभं राहिलं? नास्तिक नाही, तर बाप्टिस्ट पंथाचे श्रद्धाळू ख्रिस्ती. कारण अधिकृत चर्चच्या राज्यात त्यांचे धर्मोपदेशक तुरुंगात जात होते. सरकार धर्मात आलं की सगळ्यात आधी लहान पंथ चिरडले जातात, हे ते अनुभवातून शिकले होते.

१७९१ मध्ये राज्यघटनेत पहिली दुरुस्ती आली. काँग्रेस कोणत्याही धर्माची अधिकृत स्थापना करणारा कायदा करणार नाही आणि कोणाला धर्म पाळण्यापासून रोखणारही नाही, असं त्यात म्हटलं गेलं. आज कोर्टात लढले जाणारे जवळपास सगळे धार्मिक खटले या दोन कलमांच्या मधोमध उभे असतात.

पण ही दुरुस्ती सुरुवातीला फक्त केंद्र सरकारला लागू होती. राज्यांना नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी पाठिंब्याचं चर्च १८३३ पर्यंत टिकून होतं.

शाळेतल्या बायबलवरून दंगल

‘पूर्वी शाळेत बायबल वाचलं जायचं आणि सगळं सुरळीत होतं,’ असं या वादात अनेकदा ऐकू येतं. वाचलं जायचं हे खरं. सुरळीत होतं हे खरं नाही.

१९ व्या शतकात अमेरिकेत सरकारी शाळा पसरू लागल्या. तिथे सकाळी बायबल वाचलं जायचं, पण कोणतं बायबल? प्रोटेस्टंट लोक वापरतात ते, किंग जेम्स यांच्या नावाने ओळखलं जाणारं भाषांतर. त्याच काळात आयर्लंडमधून मोठ्या संख्येने कॅथलिक लोक येत होते. त्यांचं बायबलचं भाषांतर वेगळं होतं. १८४२ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॅथलिक बिशपनी मागणी केली की आमच्या मुलांना आमचं बायबल वाचू द्या.

या मागणीचा अर्थ ‘कॅथलिकांना शाळेतून बायबल काढायचंय’ असा पसरवला गेला. १८४४ मध्ये शहरात दोनदा दंगली पेटल्या. वीसहून जास्त माणसं मेली, कॅथलिक चर्च जाळली गेली. पुढच्या काळात कॅथलिकांनी देशभर स्वतःच्या शाळा उभारल्या, त्यामागे हा अनुभवही होता.

लक्षात घ्या, भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक ख्रिस्ती होते. तेव्हा शाळेत हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलं जवळपास नव्हतीच. तरीही ‘कोणतं बायबल’ या एका प्रश्नावर शहर जळलं.

आजच्या पोस्टरवरही हाच प्रश्न आहे. ज्यू, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे तिघंही दहा आज्ञा मानतात, पण तिघांची मांडणी सारखी नाही. क्रमांक बदलतात, शब्द बदलतात. ज्यू परंपरेत ‘मी तुझा परमेश्वर आहे’ हे विधान हीच पहिली आज्ञा. मूर्ती करू नका, ही प्रोटेस्टंटांची वेगळी आज्ञा, तर कॅथलिक तिला पहिल्या आज्ञेतच धरतात. लुईझियानाच्या कायद्याने पोस्टरवरचा मजकूर स्वतः ठरवून दिला आणि तो किंग जेम्स परंपरेतला आहे. म्हणजे सरकारने एक पाठ निवडला.

१९६३ : एका मुलाने कुराण उघडलं आणि...

आता या गोष्टीतलं मुख्य वळण.

पेनसिल्व्हेनिया राज्यात कायदा होता की रोज सकाळी शाळेत बायबलची किमान दहा वचनं वाचायची. १९५६ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या ॲबिंग्टनमधल्या एलरी शेम्प या १६ वर्षांच्या विद्यार्थ्याने याला विरोध म्हणून प्रार्थनेच्या वेळी वर्गात कुराण उघडून वाचायला घेतलं. त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवलं गेलं. शेम्प कुटुंब कोर्टात गेलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं.

त्याआधी १९६२ मध्ये ‘एंजल विरुद्ध व्हिटाले’ खटल्यात न्यायालयाने न्यूयॉर्कच्या शाळांमधली सरकारने लिहिलेली प्रार्थना घटनाबाह्य ठरवली होती. ती प्रार्थना फक्त २२ शब्दांची होती. १७ जून १९६३ रोजी ‘ॲबिंग्टन विरुद्ध शेम्प’ खटल्याचा निकाल लागला, ८ विरुद्ध १. शाळेने घडवून आणलेलं बायबल वाचन बंद.

लोकांनी या निकालाचा अर्थ एका वाक्यात काढला, ‘कोर्टाने देवाला शाळेबाहेर काढलं.’

पण निकालात आणखी एक गोष्ट होती. न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी लिहिलं की धर्मांचा तुलनात्मक अभ्यास, धर्माचा इतिहास आणि संस्कृतीच्या प्रगतीशी असलेलं धर्माचं नातं शिकल्याशिवाय शिक्षण पूर्ण होत नाही, असं म्हणता येईल. बायबलचा साहित्य आणि इतिहास म्हणून तटस्थपणे अभ्यास करायला घटनेची काहीही आडकाठी नाही.

म्हणजे न्यायालयाने दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या केल्या. वर्गात धर्म पाळायला लावणं, हे चालणार नाही. वर्गात धर्माबद्दल शिकवणं, हे चालेल. नुसतं चालेल नाही, तर हवंच.

याचा फायदा विद्यापीठांनी उचलला. सरकारी विद्यापीठांमध्ये धर्म-अभ्यासाचे विभाग वाढले. बायबल शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या जुन्या संघटनेने त्याच सुमाराला नाव बदलून ‘अमेरिकन ॲकॅडमी ऑफ रिलिजन’ असं केलं.

शाळांमध्ये मात्र उलटं झालं.

भीतीपोटी धर्मच गाळला

शाळांनी विचार केला, कशाला नसती कटकट? धर्माचा विषयच नको. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्यांनीही तेच केलं. १९८० च्या दशकात न्यूयॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल विट्झ यांनी शालेय पाठ्यपुस्तकं तपासली, तेव्हा अमेरिकेच्या इतिहासातला धर्म त्यातून जवळपास गायब झालेला दिसला.

यात नुकसान काय झालं, ते समजायला तीन उदाहरणं पुरेशी आहेत.

एक, गुलामगिरी. दक्षिणेतले मळेवाले बायबलचा आधार देऊन गुलामगिरीचं समर्थन करत होते. उत्तरेतले तिचे विरोधकही बायबलचाच आधार घेत होते. या प्रश्नावरून चर्च फुटली. १८४४ मध्ये मेथडिस्ट फुटले. १८४५ मध्ये ‘सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन’ वेगळं झालं, जे आज अमेरिकेतला सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट पंथ आहे. देश फुटायच्या पंधरा-सोळा वर्षं आधी चर्च फुटली होती. हे गाळून यादवी युद्ध शिकवलं तर ते अर्धवटच कळणार.

दोन, कृष्णवर्णीयांची चर्च. गोऱ्यांच्या चर्चमधल्या भेदभावाला कंटाळून रिचर्ड ॲलन यांनी १८१६ मध्ये ‘आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ हा स्वतंत्र पंथ उभा केला. गुलामगिरीच्या काळात आणि नंतरही चर्च ही कृष्णवर्णीयांची शाळा होती, सभागृह होतं, संघटना होती.

तीन, मार्टिन ल्यूथर किंग. त्यांच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ लागतं, कारण ते बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. १९५७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत काढलेल्या संघटनेचं नावच ‘सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स’ होतं. त्यांना फक्त ‘नागरी हक्कांचे नेते’ म्हणून शिकवलं, तर त्यांच्या भाषणातली अर्धी ताकद कुठून यायची हे मुलांना कळतच नाही.

आणि हे तिन्ही एकत्र शिकवले तर आणखी एक गोष्ट कळते. अमेरिकेत धर्माने माणसांना बांधलंही आणि सोडवलंही. एकाच पुस्तकातून. पोस्टर हे सांगू शकत नाही, त्यासाठी शिक्षकच लागतो.

१९८८ मध्ये १७ धार्मिक आणि शैक्षणिक संघटनांनी एकत्र येऊन शाळांसाठी सोपी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सार असं की शाळेचा धर्माकडे बघण्याचा दृष्टिकोन अभ्यासाचा असावा, भक्तीचा नाही. मुलांना माहिती द्यावी, पण श्रद्धा लादू नये. कोणत्याही धर्माचा प्रचार नको आणि टिंगलही नको.

तरीही संभ्रम कायम राहिला. २०१० मध्ये प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकनांना प्रश्न विचारले. शिक्षक वर्गात प्रार्थना घेऊ शकत नाही, हे ८९ टक्के लोकांना माहीत होतं. पण साहित्याचा नमुना म्हणून शिक्षक बायबलमधला उतारा वाचू शकतो, हे फक्त २३ टक्क्यांना ठाऊक होतं. तुलनात्मक धर्म हा विषय शिकवता येतो, हे ३६ टक्क्यांना.

आजच्या राजकारणाला खतपाणी इथूनच मिळतं. ‘शाळेत बायबलचं नावही काढता येत नाही’ असं लोकांना वाटत असेल, तर ‘आम्ही बायबल परत आणतो’ म्हणणारा नेता त्यांना आपला वाटणारच.

मग नियम बदलले कसे?

१९७८ मध्ये केंटकी राज्याने नेमका हाच प्रयोग केला होता, वर्गात दहा आज्ञा. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ‘स्टोन विरुद्ध ग्रॅहम’ खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा मतांनी तो कायदा रद्द केला. मग लुईझियानाला पुन्हा हिंमत कशी झाली?

कारण न्यायालय बदललं. २०२२ मध्ये ‘केनेडी विरुद्ध ब्रेमर्टन’ हा खटला आला. सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला. त्यात १९७१ पासून वापरात असलेली जुनी कसोटी न्यायालयाने बाजूला सारली. जुनी कसोटी विचारायची की सरकारच्या कृतीचा हेतू धार्मिक आहे का, तिने धर्माला बढावा मिळतो का. नवी कसोटी विचारते, देशाचा ‘इतिहास आणि परंपरा’ काय सांगते?

म्हणून तर सगळे इतिहासाकडे धावतायत. आता इतिहास हा फक्त परीक्षेचा विषय राहिलेला नाही, तो कोर्टातला पुरावा झाला आहे.

त्यानंतर काय झालं?

• लुईझियानाचा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संघीय न्यायाधीशांनी रोखला. जून २०२५ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीही तो घटनाबाह्य ठरवला. पुढे प्रकरण त्याच अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाकडे गेलं.

• टेक्सासमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीशांनी खटल्यातल्या शाळा-जिल्ह्यांपुरती पोस्टरं रोखली. कोर्टात गेलेल्या कुटुंबांमध्ये ज्यू, ख्रिस्ती, हिंदू आणि कोणताही धर्म न मानणारे असे सगळे होते.

• ओक्लाहोमात शिक्षणप्रमुख रायन वॉल्टर्स यांनी जून २०२४ मध्ये पाचवी ते बारावीच्या वर्गात बायबल शिकवायचा आदेश काढला. त्यांनी पद सोडल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या प्रमुखांनी तो मागे घेतला.

• त्याच राज्यात सरकारी पैशावर कॅथलिक शाळा काढायचा प्रस्ताव होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी बरोबरी झाली, त्यामुळे राज्याच्या न्यायालयाने दिलेला मनाईचा निकाल कायम राहिला.

भारतीय मुलं या वादात कुठे आहेत?

प्यूच्या २०२३-२४ च्या मोठ्या पाहणीनुसार अमेरिकेत ६२ टक्के प्रौढ स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. २००७ मध्ये हा आकडा ७८ टक्के होता. कोणताही धर्म न सांगणारे १६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले आहेत. इतर धर्मांचे ७ टक्के. टेक्सासमधल्या ह्यूस्टन, डॅलस भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांची मुलंही याच सरकारी शाळांत जातात. घरी गणपती बसतो आणि वर्गाच्या भिंतीवर लिहिलेलं असतं की मूर्ती करू नका. सातवी-आठवीतल्या मुलाला हा विरोधाभास दिसतोच, आणि त्यावर बोलायला वर्गात तास नसतो.

पण ‘धर्माबद्दल शिकवणं’ हेही सोपं नाही, याचा धडा भारतीय समाजालाही मिळालाय. कॅलिफोर्नियात सहावीला प्राचीन भारत आणि हिंदू धर्म शिकवला जातो. २००५-०६ मध्ये पुस्तकातल्या मजकुरात बदल करा म्हणून काही हिंदू संघटना पुढे आल्या. आमच्या धर्माचं चित्रण अन्यायकारक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. काही इतिहास-अभ्यासकांनी आणि दलित संघटनांनी त्याला विरोध केला. जातिव्यवस्थेचा उल्लेख सौम्य केला तर आमचा इतिहासच पुसला जाईल, असं दलित संघटनांचं म्हणणं होतं. २०१६ मध्ये हा वाद पुन्हा पेटला. म्हणजे प्रश्न फक्त ‘शिकवायचं का’ एवढाच नाही, ‘कोणाच्या बाजूने सांगायचं’ हाही आहे.

महाराष्ट्राचा एक जुना धागा

अमेरिकेतल्या धर्माचा इतिहास महाराष्ट्राच्या दारापर्यंत येतो. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत धार्मिक पुनरुत्थानाची मोठी लाट आली. त्या लाटेतून निघालेले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, पुढे अहमदनगरला गेले. ‘अमेरिकन मराठी मिशन’ ते हेच. अहमदनगरमधली मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते.

आणि उलट दिशेने, पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. १८८९ मध्ये त्यांनी तिथल्या लोकजीवनावर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात तिथले धर्मपंथ आणि त्यांची सेवाकार्यं यावरही लिहिलं आहे. दुसऱ्याच्या देशातला धर्म पाळायचा नाही तर समजून घ्यायचा, म्हणून कसा बघावा, याचा हा मराठीतला एक जुना नमुना म्हणता येईल.

असं शिकवणं जमतं का?

जमतं, याचं एक उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो शहराने २००० पासून नववीच्या मुलांना जागतिक धर्मांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. नको असेल त्या पालकांना मूल वगळायची मुभा ठेवली. सुरू करण्याआधी वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींना बोलावून विचारलं, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. २००६ मध्ये या प्रयोगाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की मुलांचा इतर धर्मांबद्दलचा आदर वाढला, धार्मिक हक्कांना त्यांचा पाठिंबा वाढला आणि स्वतःचा धर्म मात्र त्यांनी सोडला नाही. पालकांना सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

यात मेहनत आहे. शिक्षक तयार करावे लागतात, पालकांशी बोलावं लागतं, पुस्तकं नीट लिहावी लागतात. पोस्टरला यातलं काहीच लागत नाही, एक खिळा पुरतो. आणि राजकारण्यांना तेच सोयीचं पडतं.

वर्गातल्या पोस्टरांवर शेवटचा शब्द कधी ना कधी सर्वोच्च न्यायालयाचाच असेल. तिथे पोस्टरं जिंकली, तर ज्या राज्यात ज्यांचं बहुमत, त्यांचा पाठ भिंतीवर लावायचा रस्ता मोकळा होईल. पोस्टरं हरली, तर १९६३ नंतर झालं तसंच पुन्हा होण्याचा धोका आहे, म्हणजे घाबरून शाळा धर्माबद्दल बोलणंच टाळतील. दोन्ही बाबतीत नुकसान त्या मुलाचं, ज्याला शेजारच्या बाकावरचा मित्र काय मानतो आणि का मानतो, हे कोणीच समजावून सांगितलेलं नसेल.